आमचे आभारप्रदर्शक व्याही

या पृथ्वीतलावर लग्नं लागतात, सभा भरतात, पूल बांधले जातात, निवडणुका होतात, ते सगळं शेवटी कुणीतरी उभं राहून आभार मानावेत एवढ्यासाठीच, अशी माझ्या व्याह्यांची पक्की समजूत आहे. बाकीचा कार्यक्रम ही त्यांच्या लेखी आभारांची पूर्वतयारी असते. आपण नाटक बघतो तेव्हा नाटक बघतो. ते नाटक बघतात तेव्हा पडदा कोण ओढतंय ते बघतात. माजलगावात मागच्या कित्येक वर्षांत असा एकही जाहीर कार्यक्रम झाला नसेल, की ज्याच्या पत्रिकेत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'आभारप्रदर्शन' या शब्दापुढं त्यांचं नाव नव्हतं. उंच, काटकुळा माणूस. पाटबंधारे खात्यात कालव्यावर उभी हयात गेल्यामुळं चेहरा उन्हानं रापलेला, सदरा मात्र पांढराशुभ्र. बोलायला उभे राहिले की दोन्ही हात पोटावर बांधतात आणि घसा असा खाकरतात, की जवळपासची कुत्री उठून बसतात.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती आम्ही मुलासाठी त्यांची मुलगी बघायला बीडहून गेलो तेव्हा. जयभीम झाला, पोहे झाले, चहा झाला, मुलाला मुलगी पसंत पडल्याचं त्याच्या कानांच्या रंगावरून सगळ्यांना कळलं. आम्ही निघायला उठलो, माझा एक पाय चपलेत गेलासुद्धा होता, तेवढ्यात हे गृहस्थ भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आपली परवानगी असेल तर दोन शब्द आभाराचे." परवानगी कोण नाकारणार? मग त्यांनी आम्हाला सुखरूप आणणाऱ्या जीपवाल्याचे आभार मानले. वाटेत टायर पंक्चर झालं तेव्हा ज्या अनोळखी ट्रकवाल्यानं पाना दिला, त्याचे मानले. ज्यांच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो त्या शेजाऱ्यांचे मानले, आणि ज्या म्हशीनं ऐन वेळी लाथ न मारता दूध दिलं, तिच्या मालकाचे मानले. माझ्या एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ह्यांचा होकार हाय का नकार?" मलाही ते कळलं नव्हतं. होकारच होता, पण तो आभारांच्या ओघात कुठंतरी होऊन गेला होता आणि आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

लग्नात वधूपित्यानं चार शब्द बोलावेत यात जगावेगळं काही नाही. पण यांनी भंतेजींपासून सुरुवात करून बँडवाले, मांडववाले, आदल्या दिवशी दुपारपर्यंत ब्लाउज शिवत बसलेली शिंपीणबाई, तांदूळ निवडणाऱ्या गल्लीतल्या बायका, असा एकेक मुक्काम घेत जो प्रवास सुरू केला, तो संपेपर्यंत नवरानवरी उभ्या उभ्या पेंगायला लागली. युसूफ वडगाव या गावचा माझा चुलतभाऊ भुकेच्या बाबतीत कुणाचीच भीडभाड ठेवत नाही. त्यानं सरळ बुंदीच्या पातेल्याकडं कूच केलं आणि निम्मं वऱ्हाड त्याच्यामागून गेलं. व्याह्यांचा आवाज तसूभरही हलला नाही. जाणाऱ्यांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. याला निगरगट्टपणा म्हणावं की योगसाधना, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

आभार मानण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. ते हातात चिठ्ठी धरत नाहीत. चिठ्ठी काढून आभार मानणं म्हणजे शाळेत हजेरी घेण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. त्यांच्या मते आभार तीन जातींचे. काम केलं त्यांचे, करायचं मनात होतं पण जमलं नाही त्यांचे, आणि मनात आणलं असतं तर कार्यक्रम मोडू शकले असते पण ज्यांनी तो मोडला नाही त्यांचे. या तिसऱ्या जातीत लाइट न घालवणारा वायरमन येतो, समोरच्या घरातला तापट म्हातारा येतो आणि कधीकधी ढगसुद्धा येतात. पण त्यांचा खरा संताप आहे तो एका वाक्यावर. 'अनवधानानं कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व' असं कुणी म्हटलं की ते खुर्चीत चुळबुळ करायला लागतात. एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, की या वाक्यात एवढं वाईट काय आहे? त्यांनी कप खाली ठेवला. "नाव राहतंच कसं?" ते म्हणाले. "माणूस काम करीत व्हता तवा तुमी कुठं गेलता?" म्हणूनच कार्यक्रम संध्याकाळी असला तरी ते दुपारीच जाऊन हजर. मांडवाच्या मागं, सतरंज्यांच्या ढिगाजवळ, पाण्याच्या जारांपाशी हिंडत असतात आणि दिसेल त्याला थांबवून नाव, गाव, काम विचारतात. नवखा माणूस त्यांना पोलीस समजून आधी बिचकतो.

हे आभार व्यासपीठावरच राहिले असते तर प्रश्न नव्हता. पण ते एसटीतून उतरतानासुद्धा आधी पुढं जाऊन ड्रायव्हरचे आभार मानतात. मागं कंडक्टर बेल मारतोय, चढणारे चढतायत, आणि हे वळणावर गाडी कशी अलगद घेतली ते ड्रायव्हरला समजावून सांगतायत. आता त्या वाटेवरचे कंडक्टर त्यांना ओळखतात. "काका, तुमचे आभार पोचले, उतरा," असं म्हणत हात धरून खाली उतरवतात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बीडला आमच्याकडं राहूनच झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पट्टी आहे तोवर मान हलवायची नाही आणि फार बोलायचं नाही. मान त्यांनी हलवली नाही. पण ज्या नर्सनं त्यांना धीर दिला होता, तिचे आभार मानायचे राहिले तर दुसरा डोळा जाईल अशी जणू त्यांना भीती वाटली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेतच त्यांनी पलंगाशेजारच्या सलाइनच्या स्टँडला उद्देशून अत्यंत हृद्य भाषण सुरू केलं. नर्स होती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. ती पोरगी मोठी समजूतदार. हळूच वळसा घालून आली आणि स्टँडच्या पुढं उभी राहिली.

माझ्या विहीणबाई या सगळ्याकडं हवापाण्याकडं बघावं तशा बघतात. संसाराबद्दल त्यांना कुणी काही विचारलं की सांगतात, "आमच्यात भांडण झालं तरी शेवटी आभार व्हतेत."

गावाचं मात्र निराळं होतं. सूत्रसंचालकानं नुसतं 'आणि आता सर्वांत शेवटी' म्हटलं, की मांडवात खुर्च्या करकरायला लागायच्या. बायका पायानं चपला चाचपायच्या, पुढारी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उठायचे, त्यांच्यामागं त्यांची माणसं, त्यांच्यामागं बाकीचा गाव. व्याह्यांचं दुसरं वाक्य संपेपर्यंत निम्मा मांडव रिकामा. त्यांचा आवाज कर्ण्यातून गावभर ऐकू जायचा आणि घराघरांत बायका तवा चुलीवर ठेवायच्या. कारण आभार सुरू झाले म्हणजे माणसं घराकडं निघाली, हा हिशेब कधी चुकला नाही. मी स्वतः एवढ्या कार्यक्रमांना गेलो, पण बीडच्या गाडीच्या नादात त्यांचे आभार कधी शेवटपर्यंत ऐकले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माजलगावच्या तरुण मंडळींनी नगरपालिकेच्या बागेत कला आणि संस्कृतीचा एक दिवस करायचं ठरवलं. या मंडळींची म्होरकी म्हणजे माझी सून, प्रज्ञा. ती तिथल्या शाळेत शिकवते आणि माझा मुलगा साखर कारखान्यात कामाला आहे, म्हणून दोघांचा संसार तिच्या माहेरगावीच आहे. बाग तशी साधी. कोरडं कारंजं, तोंड वासून बसलेला सिमेंटचा बेडूक, ज्याच्या तोंडात कचरा टाकायचा, आणि चांगले डेरेदार कडुनिंब. या निंबांखाली दिवसभर मुलांची चित्रं, रांगोळ्या, ओव्या, भारूड, भीमगीतं, कव्वाली असा भरगच्च बेत होता. मी आणि बायको हौसेनं दोन दिवस आधीच जाऊन राहिलो. छापून आलेली पत्रिका सुनेनं माझ्या हातात दिली. मी सवयीनं आधी सगळ्यात खाली बघितलं. तिथं राष्ट्रगीत होतं. त्याच्या वर कव्वाली होती. आभारप्रदर्शन कुठंच नव्हतं.

मी तिच्याकडं बघितलं. वेळ पुरत नाही, असं ती आधी म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या दारात माझ्याशेजारी बसली आणि पत्रिकेची घडी घालत म्हणाली, "मामा, मी लहान असल्यापासून बघतेय. बाबा बोलायला उभे राहिले की लोक उठतात. मी आणि आई बसलेलो असायचो, लोक आमच्या पायांवरून जायचे. मला मान वर करायची लाज वाटायची. मी चपलांकडं बघत बसायचे, आणि थोडी मोठी झाले तशी जायचंच बंद केलं. आता माझ्या हातात आहे. माझ्या कार्यक्रमात मी ते का होऊ देऊ?" एवढी वर्षं आम्ही ज्याच्यावर हसत होतो ते या पोरीला आतून कुरतडत होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबांना सांगायचं काम तिनं माझ्यावर टाकलं. आमच्याकडं लग्नात व्याह्याला टोपी आधी दिली की टॉवेल, एवढ्यावरून दहा दहा वर्षं अबोला चालतो. तिथं व्याह्यानं व्याह्याला 'तुमचे आभार रद्द झालेत' म्हणून सांगायचं, म्हणजे विस्तवाशी खेळ. संध्याकाळी आम्ही धरणाकडं फिरायला गेलो. पाण्याची पातळी, उसाची तोड, माझ्या गुडघ्याचं दुखणं असं करत करत मी मुद्द्यावर आलो. सगळा शब्दांचा कापूस वापरून सांगितलं, की वेळ कमी आहे आणि शिवाय लोक थांबत नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कोणते लोक?" मला वाटलं, भोळेपणानं विचारतायत किंवा फारच लागलंय. थोडं चालल्यावर ते म्हणाले, की पोरीचा कार्यक्रम आहे, ती म्हणेल तसं. आणि मी हे आडपडदा न ठेवता सांगितलं याबद्दल त्यांनी माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई चिंतेत दिसल्या. माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सकाळपासून दोनदा चहा दिला, एकदाबी आभार न्हाई. दवाखान्यात न्यावं का?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही बागेत पोचलो तर व्याही आधीच हजर. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, आणि नेहमीसारखे मंडपाच्या मागल्या अंगाला हिंडतायत. कधी माळ्याशी बोलतायत, कधी झाडलोट करणाऱ्या बायकांशी, कधी साउंडवाल्याच्या टेबलापाशी वाकून उभे. सुनेनं मला दोनदा विचारलं, की तुम्ही त्यांना नीट सांगितलंत ना? मी नीटच सांगितलं होतं. पण माशाला पोहायचं नाही म्हणून सांगितलं तरी तो पाण्यातच राहणार.

दिवस मात्र दृष्ट लागावी असा गेला. मुलांनी त्या सिमेंटच्या बेडकाचीच इतकी चित्रं काढली, की परीक्षक हैराण झाले. ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी खरंखुरं जातं आणलं होतं आणि म्हणता म्हणता पायलीभर ज्वारी दळून टाकली. ते पीठ कुणाचं, यावर जो वाद झाला तो भारुडापेक्षा रंगला. भीमगीतांना अख्खी बाग ताल धरत होती, आणि शेवटी एका म्हाताऱ्या कव्वालानं पेटीवर बोटं टाकली तेव्हा निंबावरच्या पाखरांनीही दमानं घेतलं. प्रज्ञा इकडून तिकडं धावत होती, घामाघूम होती आणि हसत होती. व्याही विहीणबाईंच्या शेजारी मधल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. उन्हं कलली, राष्ट्रगीत झालं, कार्यक्रम संपल्याचं सूत्रसंचालकानं जाहीर केलं. पाहुणे गाड्यांकडं गेले, गर्दी फाटकाकडं वळली. सुनेनं माझ्याकडं बघून सुटकेचा श्वास सोडला. व्याही उठले, पिशवी खांद्याला लावली आणि तेही निघाले.

तेवढ्यात साउंडवाल्यानं टेबलामागून हाक मारली, "साहेब, निघाले का? आमचं राह्यलं की."

व्याही थांबले. मी वळून बघितलं तर पुढच्या रांगेतल्या, पाहुण्यांसाठी मांडलेल्या मऊ खुर्च्यांवर माणसं बसायला लागली होती. झाडणाऱ्या बायका होत्या, त्यांनी झाडू खुर्चीखाली सरकवले होते. माळी होता. पाण्याचे जार वाहणारा होता. मंडपवाल्याची माणसं डोक्याचे रुमाल सोडून चेहरे पुसत बसली होती. एक बाई फाटकापाशी राहिलेल्या दुसरीला हातानं बोलवत होती, की चल, आपलं आलं. व्याही अवघडले. लेकीकडं बघून हळूच म्हणाले, "पत्रिकेत न्हाई, गड्याहो."

प्रज्ञा साउंडवाल्यापाशी गेली. कार्यक्रम संपलाय, माइक बंद करा, असं तिनं सांगितलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. रिकाम्या होत चाललेल्या बागेत आपला बाप पुन्हा उभा राहतोय, हेच तिला दिसत होतं. साउंडवाला उठून उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, गळ्यात वायरीचं वेटोळं. "ताई," तो म्हणाला, "सगळीकडं असंच हाय. गर्दी गेली की आमी बसतो. साहेबाचं ऐकतो, मग वायर गुंडाळतो. सकाळधरनं तुमचा कार्यक्रम झाला. आता ह्यो आमचा हाय."

तिनं एकदा फाटकाकडं बघितलं, तिथून शेवटची माणसं बाहेर पडत होती, आणि एकदा पुढच्या रांगेकडं. विहीणबाई मागून आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, की तुला म्हणत होते ना, मान वर करून बघत जा. मग प्रज्ञानं स्वतः माइक उचलला, बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "बोला बाबा." झाडणाऱ्या बायकांनी सरकून तिला जागा करून दिली.

व्याह्यांनी व्यासपीठावर चढून माइक स्टँडला लावला, हात पोटावर बांधले आणि घसा खाकरला. ज्यांनी पहाटे येऊन निंबाचा पाला झाडला आणि मुलांना चित्रं काढायला स्वच्छ जमीन दिली, त्या शांताबाई आणि त्यांच्या सोबतिणी. ज्यांनी रांगोळ्या भिजू नयेत म्हणून आज झाडांना पाणी उशिरा दिलं, ते माळी हरिभाऊ. ओव्या म्हणणाऱ्या बायकांना दिवसभर ज्यांनी आपल्या घरातला संडास मोकळा ठेवला, त्या समोरच्या घरातल्या रजियाआपा. रजियाआपा नेमक्या कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या लाजून पदर तोंडाला लावून हसल्या. नाव आलं की एकेक माणूस खुर्चीत ताठ होत होता. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, पण जार वाहणारा मधेच शेजारच्याला विचारत होता, की माझं झालं का, आणि शेजारचा म्हणत होता, दम धर, येतंय. मीही तिथंच बसलो होतो. बीडची गाडी पकडायची नव्हती. एवढ्या वर्षांत मी काय काय न ऐकता उठून गेलो, याची मला खरोखर चुटपुट लागली.

त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. शेवटाला तो इतका बारीक झाला, की पुढच्या रांगेतल्यांनी माना पुढं काढून ऐकलं. मग ते थांबले. माणसं उठली, खुर्च्या एकावर एक चढायला लागल्या, वायरी गुंडाळल्या जाऊ लागल्या. माझ्या मनात आलं, आणखी किती कार्यक्रम हा माणूस करील, आणि त्यानंतर या लोकांनी कुणापुढं बसायचं?

प्रज्ञा जागची उठली आणि व्यासपीठाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. व्याह्यांनी माइक काढून खाली ठेवला. उतरताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी कुणाला हे विचारलं नव्हतं, त्यानं तिला विचारलं, "लई लांबलं का गं?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली, "लवकरच संपलं."